सत्तर पाउंडांचं धनुष्य भावाकडेच राहू द्या

प्रश्न : मी ४४ वर्षांची, कोथरूडला राहते. कॉलेजात असताना रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या, साध्या) धनुष्यावर जिल्हा पातळीपर्यंत खेळले. पुढे नोकरी-संसारात ते सुटलं. दोन वर्षांपूर्वी पुन्हा मैदानावर जायला लागले, क्लबच्या कंपाउंड (चाकं आणि केबल असलेल्या) धनुष्यावर हात बसत होता, तेवढ्यात पावसात कर्वे रस्त्यावर स्कूटर घसरली आणि उजव्या खांद्याचा रोटेटर कफ फाटला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, त्याला आता दहा महिने होतील. हलक्या वजनाने सुरुवात करायला हरकत नाही, असं फिजिओथेरपिस्टनी सांगितलंय. माझा धाकटा भाऊ टेक्सासला असतो, तिथे रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. दिवाळीला येताना तो स्वतःचं जुनं हंटिंग कंपाउंड माझ्यासाठी आणणार म्हणतो. ओढायचं वजन ६० ते ७० पाउंड, लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर हातावरचं जितकं वजन कमी होतं ते) ८५ टक्के. "ताई, पूर्ण ओढल्यावर हातात जेमतेम दहा पाउंड उरतात, तुझ्या खांद्याला कळणारसुद्धा नाही," असं त्याचं म्हणणं. ते घ्यावं का? नवं घ्यायचं तर काय बघून घ्यावं? शिकारीचं धनुष्य इथे बाळगलं तर काही अडचण येईल का? आणि माळ्यावर पडलेलं माझं जुनं रिकर्व्ह विकून टाकू का? मी उजव्या हाताने ओढते. जमलं तर एखाद्या स्पर्धेतही उतरायचं आहे.

उत्तर : भावाला आजच कळवा की ते धनुष्य आणू नकोस. त्याने सांगितलेला आकडा खोटा नाही, पण तो अर्धाच आहे, आणि तुमच्या खांद्याचं दुखणं उरलेल्या अर्ध्यात आहे.

७० पाउंडांचं धनुष्य आणि ८५ टक्के लेट-ऑफ म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातावर साडेदहा पाउंड राहतात, आपल्या मापात पावणेपाच किलो. इथवर तो बरोबर आहे. पण त्या जागी पोचण्याआधी ७० पाउंड, म्हणजे जवळजवळ ३२ किलो, ओढून पार करावे लागतात. कात्रजचा घाट चढायचा असताना कुणी "पलीकडे सगळा उतारच आहे" असं सांगावं, तसं हे झालं. चढ तुमच्याच पायांनी चढायचा असतो. रिकर्व्हचं वजन इंचाइंचाने वाढत जातं, त्याची तुम्हाला सवय आहे. कंपाउंडच्या टोकांवरची चाकं, म्हणजे कॅम, फिरायला लागली की वजन पहिल्या काही इंचांतच माथ्यावर जातं, बराच वेळ तिथेच राहतं आणि अगदी शेवटी एकदम कोसळतं. नेमकं त्या पहिल्या काही इंचांत तुमचा उजवा हात पुढे ताणलेला असतो. पाठीचे मोठे स्नायू अजून पुरते कामाला लागलेले नसतात, आणि भार येतो तो खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या लहान स्नायूंवर. तुमचा टाका त्यांच्याच कंडऱ्यांना पडलेला आहे.

घाट उतरून गेलात तरी गोष्ट संपत नाही. वाऱ्याची झुळूक आली, पाय नीट रोवलेला नाही असं वाटलं, शेजारच्याने "थांबा" म्हणून आवाज दिला, तर बाण न सोडता ओढलेलं धनुष्य परत सोडत आणावं लागतं. यालाच आम्ही लेट-डाऊन म्हणतो. तेव्हा तोच घाट उलट्या बाजूने लागतो. दोरी काही इंच पुढे सरकली की दहा पाउंडांचे सत्तर होतात आणि ते तुमच्या हाताला हिसका देऊन पुढे खेचतात. बरा होत आलेला खांदा या हिसक्यात पुन्हा दुखावू शकतो. बाण सोडताना भार सुटतो, लेट-डाऊनमध्ये तो अंगावर येतो. आणि जितका लेट-ऑफ जास्त, तितका हा हिसका अचानक येतो. म्हणजे भाऊ ज्या ८५ टक्क्यांना तुमच्या खांद्याची सोय समजतोय, तेच परतीच्या वाटेवर तुमच्या विरुद्ध जातात.

म्हणून दुकानात, क्लबमध्ये, कुणाच्याही हातातलं धनुष्य पसंत करताना एकच कसोटी आधी लावा : हे मला बाण न सोडता, हळू, आवाज न होता परत आणता येतं का? ओढता येतं का, हा प्रश्न त्यानंतरचा. माणूस जिद्दीला पेटला की ओढायला काहीही ओढतो.

कसोटी घ्यायची कशी तेही सांगते, कारण ही चुकीच्या पद्धतीने केली तर इजा होते. प्रशिक्षक शेजारी हवा. टार्गेटपासून चार-पाच पावलांवर पाठ टेकायला नसलेल्या स्टुलावर बसा, पाय जमिनीवर सपाट. बाण लावलेलाच असू द्या, त्याचं टोक सगळा वेळ बटाकडे, म्हणजे बाण रुततो त्या गादीकडे. रिलीजच्या, म्हणजे दोरी धरून सोडणाऱ्या हातातल्या साधनाच्या, ट्रिगरच्या मागे बोट ठेवा, पुढे नाही. धनुष्य खांद्याच्या रेषेत समोर धरा आणि तिथूनच सरळ मागे ओढा. आकाशाकडे उचलून मग खाली आणत ओढावं लागलं, कंबरेतून झोका द्यावा लागला, दातओठ खावे लागले, तर ते वजन तुमचं नाही. ओढून झाल्यावर तीन आकडे मोजा, आणि जितक्या वेळात ओढलं तितक्याच वेळात परत आणा. हे पहिल्या बाणाला जमलं म्हणून हुरळू नका. दहा-बारा बाण मारून दमल्यावर पुन्हा करून बघा. दमलेल्या हाताचं उत्तर खरं धरायचं. आणि बाण न लावता ओढून रिलीज दाबणं कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. बाणात जायची ती सगळी ताकद तेव्हा लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्या) आणि कॅममध्ये परत जाते. धनुष्य फुटतं, आणि तुकडे चेहऱ्याजवळ उडतात.

भावाला हे पटायला जड जाईल, कारण त्याच्या कामासाठी त्याचं धनुष्य उत्तम आहे. कंपाउंडचा शोधच मुळी शिकारीच्या गरजेतून लागला. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली त्याच्या पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्यांना मिळालं. शिकारी दिवसच्या दिवस मचाणावर बसतो, मिळाला तर एखादाच बाण सोडतो. जनावर झाडाआडून पुढे सरकेपर्यंत ओढून थांबावं लागतं म्हणून लेट-ऑफ जास्त, झाडाझुडपांत अडकू नये म्हणून धनुष्य आखूड, बाण खोल जावा म्हणून पाउंडेज, म्हणजे ओढायचं वजन, भारी. तुम्ही मात्र कागदावर मारणार आहात. ५० मीटरच्या कंपाउंड फेरीत ७२ बाण असतात, सरावाचे वेगळे. तो ते वजन एखाद्याच वेळी ओढतो, तुम्हाला बहात्तर वेळा ओढायचंय. आणि कागद काही जाड कातडीचा नाही. नीट जुळवलेल्या ४० पाउंडांच्या कंपाउंडवरून ५० मीटर आरामात गाठता येतं.

मग सुरुवात किती पाउंडांनी करायची? पत्रातून तो आकडा मी देणार नाही. तो तुमचा फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक यांनी मिळून ठरवायचा. फिजिओथेरपिस्टनी "हलकं" म्हटलंय, पण त्यांच्या मनातलं हलकं दोन किलोचं डंबेल असेल आणि क्लबमधलं हलकं ३० पाउंडांचं धनुष्य. या दोघांची भाषा एक होईपर्यंत धनुष्य विकत घेऊ नका. त्यांच्याकडे जाताना कुणाचा तरी, बाजूने आणि मागून, धनुष्य ओढतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ घेऊन जा. हात कुठून निघतो, कोपर किती वर जातं, भार कधी येतो आणि परत येताना काय होतं हे त्यांना दिसलं की ते रबरी पट्टीचे व्यायाम त्याच हालचालीचे देऊ शकतील. आणि त्यांना किलोत विचारा. २५ पाउंड म्हणजे सव्वाअकरा किलो, हे ऐकल्यावर त्यांचं उत्तर बदलू शकतं.

हा आकडा आज कमी आणि वर्षाने जास्त असणार आहे, आणि धनुष्य निवडताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यातूनच निघते : पाउंडेजचा पल्ला, म्हणजे त्याच धनुष्यावर वजन कितीपासून कितीपर्यंत बदलता येतं ते. बहुतेक हंटिंग कंपाउंडचा पल्ला दहा पाउंडांचाच असतो. ४०-५०, ५०-६०, ६०-७०. लिंबचे बोल्ट सैल करून तेवढंच खाली येता येतं. भावाच्या धनुष्याचा तळच ६० आहे. "अजून थोडे आटे सोडू" म्हणून मर्यादेपलीकडे बोल्ट सैल केले तर लिंब खोबणीतून निसटू शकतं. किती आटे सोडायचे ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि ते पाळायचंच असतं.

याच्या उलट, मोठ्या पल्ल्याची धनुष्यं अशा परतीसाठी फार सोयीची असतात. डायमंडचं इन्फिनिट एज प्रो ५ ते ७० पाउंड आणि १३ ते ३१ इंच ड्रॉ लेंग्थ (दोरी मागे ओढायची लांबी) असं येतं. बेअरचं क्रूझर जी-२ सुद्धा ५ ते ७० पाउंडांचं, १२ ते ३० इंचांचं. वाढत्या वयाच्या मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी म्हणून ही विकली जातात, त्यामुळे अनुभवी माणसं नाक मुरडतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. बरा होणारा खांदासुद्धा वाढतच असतो. एक खबरदारी मात्र घ्या. जाहिरातीतले ते ५ पाउंड प्रत्येक ड्रॉ लेंग्थला मिळत नाहीत. ड्रॉ लेंग्थ वाढली की त्याच बोल्टवर वजनही वाढतं. "माझ्या २६ किंवा २७ इंचांना कमीत कमी किती पाउंड?" असं विक्रेत्याला विचारा आणि दुकानातल्या स्केलवर प्रत्यक्ष मोजून घ्या.

वेगाचे आकडे बघायचे सोडून द्या. डब्यावर छापलेला फूट प्रति सेकंद हा आकडा बहुतेक वेळा ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ लेंग्थ आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) हलका बाण या मापावर काढलेला असतो, आणि यातलं एकही माप तुमचं नाही. उलट ज्या धनुष्याचा वेग कमी लिहिलाय त्याचे कॅम बरेचदा सौम्य असतात. वजन हळू चढतं, हळू उतरतं, पूर्ण ओढल्यावर जी विसाव्याची जागा मिळते तीही ऐसपैस असते. दोरी अर्धा इंच पुढे गेली तरी हिसका बसत नाही. दोन धनुष्यांवर तेच ४० पाउंड लिहिलेले असतात आणि एक लोण्यासारखं येतं, दुसरं अंगावर येतं. म्हणून ओढून बघितल्याशिवाय फोटो आणि रिव्ह्यू बघून ऑनलाइन मागवू नका. लेट-ऑफ ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास मिळाला तर तुमच्यासाठी पुरे. काही मॉडेलमध्ये तो बदलताही येतो. ३० पाउंडांचं धनुष्य ८० टक्के लेट-ऑफने पूर्ण ओढल्यावर ६ पाउंडांवर येतं. त्याहून कमीची गरज नाही. फार कमी वजन हातात राहिलं तर रिलीज स्वच्छ सुटत नाही, हेही आहेच.

ड्रॉ लेंग्थबद्दल जरा सविस्तर, कारण याकडे दुर्लक्ष होतं. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात मोजायचं आणि अडीचने भागायचं, हा सर्वसाधारण हिशेब. ६६ इंच आले तर साधारण साडेसव्वीस. पण हा हिशेब धडधाकट खांद्याचा. शस्त्रक्रियेनंतर खांदा मागे पूर्वीइतका फिरत नसेल तर तीच ड्रॉ लेंग्थ आता तुम्हाला लांब पडेल. लांब पडली की शेवटच्या इंचासाठी खांदा वर चढतो, कोपर पाठीमागे ओढलं जातं, मान ताणली जाते. अर्धा इंच कमीने सुरुवात करा. निशाण थोडं हललं तरी चालेल. म्हणून ड्रॉ लेंग्थ मॉड्यूल (कॅमवरचा छोटा भाग) फिरवून बदलता येते असंच धनुष्य घ्या. जिथे नवीन लांबीसाठी आख्खा कॅम बदलावा लागतो, ते आत्ता नको.

बाकी मापांवर तुमच्या बाबतीत फार वेळ घालवायला नको. हंटिंग धनुष्याची एका ॲक्सलपासून (कॅमच्या आसापासून) दुसऱ्या ॲक्सलपर्यंतची लांबी साधारण २८ ते ३४ इंच असते, टार्गेटच्या धनुष्याची ३६ ते ४०. लांब धनुष्य हातात स्थिर राहतं, आखूड हलकं असतं. ३२-३३ च्या आसपास मिळालं तर दोन्हीचा मेळ बसतो. ब्रेस हाईट, म्हणजे न ओढलेल्या धनुष्यात मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर, सात इंचांच्या जवळची बघा. ती जितकी जास्त, तितकं धनुष्य हाताच्या बारीकसारीक चुका पोटात घालतं.

ज्यांचा धनुष्य धरायचा खांदा दुखावलाय त्यांचं मात्र सगळंच वेगळं, म्हणून इतर वाचकांसाठी दोन ओळी. तुम्हाला ओढण्याइतकाच पेलण्याचाही त्रास होणार आहे. नुसतं हंटिंग धनुष्य साडेतीन-चार पाउंडांचं असतं, त्यावर साईट (नेम धरायचं साधन), रेस्ट (बाण टेकायची जागा), स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा), बाणांचा भाता चढला की वजन सहाच्या घरात जातं, आणि ते सरळ हाताच्या टोकाला तोलायचं असतं. तुम्ही धनुष्याचं स्वतःचं वजन आधी बघा, भाता कंबरेला लावा, लांब स्टॅबिलायझर पहिले काही महिने काढून ठेवा.

आता तुमच्याकडे परत. रिलीज मनगटाच्या पट्ट्याचा घ्या. त्यात ओढ मनगटातून आणि कोपरातून पाठीकडे जाते, मूठ आवळावी लागत नाही. मूठ आवळली की दंड आवळतो, दंडाबरोबर खांदा. क्लबमध्ये तुम्ही अंगठ्याचा रिलीज वापरत असाल तर तो पुढे कधीही परत घेता येईल.

बाण भारी निवडा. हे ऐकून लोक चमकतात, पण हलका बाण धनुष्यातली ताकद पुरती घेऊन जात नाही. उरलेली ताकद कंप होऊन हातात येते. धनुष्याच्या प्रत्येक पाउंडामागे किमान ५ ग्रेन बाण ही कंपन्यांची सुरक्षेची सीमा असते. तुम्ही ७-८ धरा. धनुष्य शांत वाजेल, हाताला धक्का कमी बसेल. पाउंडेज वाढवत गेलात की बाणाचा स्पाईन, म्हणजे त्याचा ताठपणा, पुन्हा जुळवावा लागेल, त्यामुळे पहिल्यांदाच डझनभर महागडे बाण घेऊ नका. सहा पुरेत. कार्बनचा बाण मारण्याआधी प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी चेहऱ्यापासून दूर हलकेच वाकवा आणि कान देऊन ऐका. तडकल्याचा आवाज आला तर तो बाण मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून मारणार नाही.

कायद्याचं विचारलंत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे वन्यप्राण्यांची शिकार बंद आहे. पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकराबाबतसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. तेव्हा इथे 'हंटिंग' हे नाव फक्त धनुष्याची घडण सांगतं, त्याचा उपयोग टार्गेटवरच. शिकारीच्या बाणांना लावतात ती पात्याची टोकं, ब्रॉडहेड, भावाला चुकूनही आणू देऊ नका. टार्गेटला त्यांचा काही उपयोग नाही, बट चिरून निघतात आणि कुठल्याही जबाबदार मैदानावर ती लावू देत नाहीत. स्पर्धेची इच्छा आहे म्हणून आणखी दोन गोष्टी. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमांत कंपाउंडला ६० पाउंडांची कमाल मर्यादा आहे, आणि खेळाडूच्या साहित्यावर झाडापानांची कॅमोफ्लाज रंगसंगती चालत नाही. म्हणजे भावाचं धनुष्य खांद्याने पेललं असतं तरी ७० पाउंडांवर ठेवून स्पर्धेत चाललं नसतं. हंटिंग धनुष्य घेतलंत तर साध्या एकरंगी रायझरचं (मधल्या, मुठीच्या भागाचं) घ्या. बर्लिनला २०२३ मध्ये आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले, तेही याच ६० च्या आतल्या धनुष्यांवर. सत्तरचा मोह कशासाठी?

भावाला काही आणायचंच असेल तर त्याला हलकं, मोठ्या पल्ल्याचं धनुष्य आणायला सांगा, पण एक अट घालून : आधी तुम्ही तेच किंवा तशाच कॅमचं धनुष्य इथे ओढून बघितलेलं असावं. अशी धनुष्यं साईट, रेस्ट, भात्यासकट साधारण चारपाचशे डॉलरमध्ये मिळतात, वरच्या दर्जाची नुसती हजाराच्या पुढे जातात. नव्याचं बिल सोबत ठेवायला सांगा, कस्टमला सामान जाहीर करायला सांगा, शुल्काची चौकशी तिकीट काढायच्या वेळीच करून घ्या. विमानात ते चेक-इनच्या बॅगेतूनच येईल, केबिनमध्ये नाही. जुनं कुणाचं घेत असाल तर लिंबवरून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर तिथे चीर आहे.

आणि खरेदीआधी हे विचारा की पुण्यात हे धनुष्य उघडणार कोण. कंपाउंडची दोरी आणि केबल बदलायला बो-प्रेस, म्हणजे लिंब दाबून धरणारं यंत्र, लागतो. दोरी दोन-तीन वर्षांत बदलावीच लागते, आणि प्रेस सगळ्यांकडे नसतो. तुमच्या प्रशिक्षकाला विचारा की ते स्वतः कुठे जातात. त्या माणसाला ज्या कंपनीचे सुटे भाग मिळतात, ती कंपनी तुमच्यासाठी चांगली. एप्रिल-मेच्या उन्हात धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. लिंब आणि दोरी दोन्हींना ती धग मानवत नाही. पावसाळ्यात दोरीला मेण लावत राहा.

सराव मैदानावरच करा. वेताळ टेकडीवर पहाटे कुणी नसतं असं सांगणारे भेटतील. तिथे माणसं असतात, फक्त झाडाआड असतात, आणि चुकलेला कंपाउंडचा बाण शेकडो मीटर जातो. गच्ची आणि सोसायटीचं पार्किंगही नकोच.

पहिल्या महिन्यांत वाढवायचं ते बाणांची संख्या, पाउंड नव्हे. बाण कमी पण रोजच्या रोज सारखे, मग हळूहळू थोडे जास्त. ते सहज झेपायला लागले की मगच बोल्टला अर्धा आटा द्या, वरखाली सारखाच. बहुतेक धनुष्यांत एका आट्याला दोन-तीन पाउंड वाढतात. पाउंड वाढवले त्या दिवशी बाण कमी करा. दोन्ही एकदम वाढवायचं नाही. ओढताना खांद्यात चमक आली तर त्या दिवसापुरतं धनुष्य खाली ठेवा. रात्री त्या कुशीवर झोपवेना, किंवा सकाळी हात नेहमीपेक्षा आखडलेला वाटला, तर पुढच्या वेळी एक पायरी खाली या, लाज न बाळगता. मुंग्या किंवा बधिरपणा हाताकडे उतरला तर डॉक्टरांकडे.

कधीकधी पुढच्या पायऱ्या येतच नाहीत, खांदा एका आकड्यावर थांबतो. तसं झालं तरी वाट बंद होत नाही. डाव्या हाताने ओढायला शिकून परत उभे राहिलेले लोक आहेत. त्यासाठी धनुष्य डावखुरं लागतं आणि आपला कोणता डोळा प्रबळ आहे ते बघावं लागतं. जम्मूची शीतल देवी दोन्ही हात नसताना पायाने धनुष्य धरते, खांद्याला लावलेल्या रिलीजने ओढते, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारबरोबर कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदक जिंकली. कंपाउंड हे शरीरागणिक जुळवता येणारं यंत्र आहे, ती सोय पुरेपूर वापरा.

राहिलं तुमचं रिकर्व्ह. ते विकू नका. माळ्यावरून काढा, रायझर पुसा, लिंबवर चिरा किंवा पीळ आहे का बघा, आणि जुनी दोरी टाकून द्या. तुमची जुनी लिंब भारी असणार, ती बाजूला ठेवा. लिंब सुटी होणारी आणि आयएलएफ (वेगवेगळ्या कंपन्यांत सारखी असणारी) जोडणीची असतील तर कुठल्याही कंपनीची १८-२० पाउंडांची हलकी लिंब त्याच रायझरवर बसतात, आणि नव्या धनुष्याच्या मानाने फार थोड्या पैशांत येतात. त्यात लेट-ऑफ नाही, म्हणून हिसकाही नाही. जितकं ओढाल तितकंच वजन, आणि परत आणताना ते इंचाइंचाने कमी होत जातं. फिजिओथेरपिस्टनी त्या वजनाला होकार दिला की दिवाळीपर्यंतचे महिने या हलक्या रिकर्व्हवर, पाच पावलांवरून, कागद न लावलेल्या बटावर घालवा. नेम धरायचा नाही, फक्त खांदा खाली आणि कोपर मागे. दर तीन बाणांनंतर एकदा ओढून, थांबून, न सोडता परत आणा. भाऊ येईल तेव्हा तुमच्या वहीत तुमचा स्वतःचा आकडा लिहिलेला असेल, आणि त्याला काय आणायला सांगायचं ते तुम्हीच ठरवाल.